डोस ६०, माणसं १४२

(मे २०२१, शेवटचा आठवडा)

पत्र असं आहे:

"ताई, मी २९ वर्षांची. रबाळे एमआयडीसीत प्लास्टिकचे डबे आणि झाकणं बनवणाऱ्या कंपनीत एचआर आणि टाइम ऑफिस दोन्ही मीच बघते. एकूण १४२ माणसं. ५८ कंपनीच्या मस्टरवर, ८४ ठेकेदाराची. साहेबांनी एका खासगी हॉस्पिटलशी बोलून कोविशील्डचे ६० डोस मिळवलेत. शनिवारी, ५ जूनला, कंपनीतच शिबिर आहे आणि यादी मी करायची आहे. साहेबांनी हातात कागद दिलाय: त्यांच्या घरचे ९, ऑफिसचे ३१, उरलेल्या २० मध्ये 'प्रॉडक्शनची महत्त्वाची माणसं'. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात ऑपरेटर आधी, नाहीतर लाइन बंद पडेल. लोडिंग, साफसफाई, कॅन्टीन यांचं नाव कोणी काढत नाही. लोडिंगला ५१ वर्षांचे एक मामा आहेत, त्यांना शुगर आहे, तुर्भे स्टोअरला एका खोलीत सात जण राहतात. माझी आई ५७ वर्षांची आहे, बीपी आहे, कळव्यात दोनदा रांगेतून परत आली. अशा शिबिरात घरच्यांनाही घेता येतं म्हणतात. आईचं नाव घालू का? माझं घालू का? यादी करणारी मी आणि आतही मीच, लोक काय म्हणतील? कोणाचा जीव आधी हे ठरवणारी मी कोण, ताई? चार रात्री झोप नाही."

तुला 'तू' म्हणूनच लिहिते, माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर कोपरीला राहते आणि मार्चपासून ठाण्यातल्या एका लसीकरण केंद्रावर मदतीला जाते. त्यामुळे तुझ्या पत्रातलं साठ आणि एकशे बेचाळीस मला कागदावरचं गणित वाटत नाही. मला त्यात खुर्च्या दिसतात, आणि खुर्च्यांच्या मागे उभी राहिलेली माणसं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप त्याने उडवलीय. ठरवणारी तू कोण? ज्या बाईच्या हातात यादीचा कागद आला, ती. हे काम तू मागितलं नव्हतंस. पण तू हात वर केलेस म्हणून क्रम लागायचा थांबत नाही, तो लागतोच. कोणाचा फोन आधी येतो, कोण केबिनच्या जवळ बसतं, कोणाला इंग्रजीत मेल लिहिता येतो, यावर लागतो. साहेबांनी दिलेला कागद तसाच लागलेला क्रम आहे. साहेब दुष्ट असतील असं मला वाटत नाही. डोळ्यासमोर जी माणसं आली ती त्यांनी लिहिली, आणि डोळ्यासमोर नेहमी तीच येतात.

हे मी खात्रीने सांगते, कारण माझ्याच हातून तसं झालंय. मार्चमधली गोष्ट. तेव्हा साठीच्या वरच्यांना आणि आजार असलेल्या ४५ च्या वरच्यांना लस सुरू झाली होती. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर टाकून द्यायची. त्या दिवशी पाच वाजता शेवटची कुपी उघडली, सहा माणसं झाली आणि पुढे कोणी आलंच नाही. चार डोस उरले. वाया जाऊ नयेत म्हणून मी फोन काढला आणि ओळखीतल्या साठीच्या लोकांना भराभर बोलावलं. माझे थोरले भावोजी आले, शेजारच्या जोशीकाकू नि काका आले, त्यांच्यासोबत आणखी एक जण. नियमाने सगळे बसत होते. चारही डोस लागले, मी खूश. बाहेर पडताना गेटवरचा वॉचमन उभा होता. सकाळी आठपासून तोच येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर घालत होता, तोच म्हाताऱ्यांना हाताला धरून पायऱ्या चढवत होता. त्याने हळूच विचारलं, "सिस्टर, मला पण एकसष्ट पूर्ण झालीत. माझा नंबर कधी लागेल?"

दिवसभरात पन्नास वेळा मी त्याच्या बाजूने गेले होते. चार दिवसांनी त्याला लस मिळाली, सुदैवाने मधल्या काळात त्याला काही झालं नाही. तरी ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. मी कोणावर मेहरबानी करायला फोन केले नव्हते. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर नव्हता, एवढंच कारण.

म्हणून पहिलं काम हे कर: नावं बाजूला ठेव आणि नियम आधी लिही. कोणाला कुठे बसवायचं हे नावांकडे बघून ठरवायला गेलीस, तर प्रत्येक नावाला एक चेहरा आहे आणि प्रत्येक चेहऱ्याला एक कारण. कोऱ्या कागदावर आधी फक्त नियम उतरव, साहेबांची सही घे आणि मगच मस्टर उघड.

नियम कशावर बेतायचा? सगळ्या जगाने गेल्या वर्षभरात यावर डोकं खपवलंय आणि सगळ्यांचं उत्तर एक आलेलं नाही. ब्रिटनने वृद्धाश्रमातली माणसं आणि त्यांची देखभाल करणारे आधी धरले, मग ८० च्या वरचे आणि दवाखान्यातले कर्मचारी. ८ डिसेंबरला तिथे चाचणीबाहेरची पहिली लस नव्वद वर्षांच्या आजींना मिळाली. आपल्याकडे १६ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, मग पोलीस आणि सफाई कामगार, मग वय आणि आजार. सरकारचा अंदाज होता १ कोटी, २ कोटी आणि २७ कोटी, असे तीस कोटी लोक आधी. इंडोनेशियाने मात्र दवाखान्यातल्या लोकांनंतर १८ ते ५९ वयाच्या कमावत्यांना म्हाताऱ्यांच्या पुढे काढलं. त्यांच्याकडे जी चिनी लस आली होती तिची म्हाताऱ्यांवर पुरेशी चाचणी झालेली नव्हती, हे एक कारण. शिवाय बाहेर फिरणारा घरी आजार आणतो, त्याला अडवलं की घरचे वाचतील, असाही त्यांचा हिशोब होता.

तुझे प्रॉडक्शन मॅनेजर नकळत इंडोनेशियाच्या बाजूचे आहेत, त्यांना उडवून लावू नकोस. आजार कोणता आहे यावरही क्रम बदलतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत आम्ही उलटं चित्र बघितलं होतं. त्या साथीने म्हाताऱ्यांपेक्षा तरुण, मुलं आणि गरोदर बायांना जास्त गाठलं. देशातला पहिला बळी पुण्यातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. म्हणून अमेरिकेत तेव्हा लस आली तशी गरोदर बाया आणि तरुण मुलं आधी धरली गेली. तेव्हा 'वय मोठं त्याला आधी' हा काही देवाने घालून दिलेला नियम नव्हे. पण या कोविडमध्ये वय जसं चढतं तसा मरणाचा धोका पटीपटीने चढतो, आणि शुगर, बीपी, किडनी, दमा असेल तर आणखी. हे दोन लाटांत आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आजार झाला तर ज्याची मरण्याची शक्यता जास्त, तो आधी. त्याच्यानंतर तो, ज्याला घरी बसण्याची सोय नाही आणि जो दिवसभर माणसांच्या अंगाला अंग लावून काम करतो. आणि इथवर येऊन जे सारखे उरतात, त्यांच्यात चिठ्ठ्या.

'महत्त्वाचा माणूस' हा शब्द मात्र त्या कागदावरून खोड. लाइन बंद पडेल म्हणून ऑपरेटर आधी, हे ऐकायला समंजस वाटतं. त्याचा अर्थ उलगडून बघ. ऑपरेटर तयार करायला सहा महिने लागतात आणि लोडिंगवाला उद्या नाक्यावरून दुसरा आणता येतो, म्हणून लोडिंगवाला मागे. म्हणजे ज्याची बदली लगेच मिळते त्याचा जीव स्वस्त. हे तोंडाने कोणी म्हणणार नाही, पण यादी तेच म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या सप्टेंबरमध्ये लस वाटपासाठी जी तत्त्वं मांडली त्यात समान आदर हे एक आहे, आणि दुसऱ्यांसाठी धोका पत्करणाऱ्यांची परतफेड हे आणखी एक. १६ जानेवारीला दिल्लीच्या एम्समध्ये या मोहिमेतली पहिली लस कोणाला टोचली आठवतं? एका सफाई कर्मचाऱ्याला. मोठ्या डॉक्टरांच्या आधी. तुमच्या कंपनीत संडास धुणाऱ्या बाईंचं नाव एकाही कागदावर नाही.

आता तू पत्रासोबत पाठवलेल्या तक्त्याकडे येते. तो तू फार नीट केलायस आणि त्यातूनच अर्धा गुंता सुटतो. १४२ पैकी ११ जणांचा पहिला डोस बाहेर झालाय. कोविशील्डचा दुसरा डोस आता १२ ते १६ आठवड्यांनी, तेव्हा शनिवारी त्यांचा प्रश्न नाही. मार्च-एप्रिलमध्ये १९ जण पॉझिटिव्ह येऊन बरे झाले. केंद्राने याच महिन्यात सांगितलंय की कोविड होऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबावं. तेही शनिवारी नकोत. पॅकिंगवाली पाच महिन्यांची गरोदर मुलगी, तिला अजून लस द्यायची परवानगीच नाही. १४२ मधून हे वजा कर: १११ राहतात. साठ डोस आणि एकशे अकरा माणसं. निम्म्याहून जास्त लोकांना मिळणार आहे, बघ. चार रात्री तू ज्या डोंगराखाली होतीस तो एवढा मोठा नव्हता.

त्या मुलीबद्दल एक. तिला लस नाही, मग तिला जागा दे. पॅकिंगच्या लांब टेबलावर सहा जणी खांद्याला खांदा लावून बसतात असं तू लिहिलंस. तिला खिडकीजवळच्या स्टोअरच्या कामावर बसव, पगार न कापता. हे साहेबांना विचारायचीही गरज पडू नये.

या १११ मध्ये ४५ च्या वरचे १६ जण अजून बिनलशीचे आहेत. त्यात मामा. तुला कोणीतरी सांगेल की यांना पालिकेच्या केंद्रावर फुकट मिळते, मग कंपनीचे पैशाचे डोस यांच्यावर कशाला? कागदावर ते खरं आहे. पण मामांचा दिवस बघ. सकाळची रांग, साठा आलाय की नाही याचा भरवसा नाही, आला तरी आधी दुसऱ्या डोसवाले. राज्याने १२ मेपासून १८ ते ४४ चं सरकारी लसीकरण थांबवलं ते याच कारणाने, की ४५ च्या वरच्यांचे दुसरे डोस तरी पुरे पडावेत. अशा रांगेत मामांची एक रोजंदारी जाते, आणि लस न घेता परत आले तर दुसरी. १ एप्रिलपासून त्यांचा हक्क आहे आणि अजून त्यांना लस नाही, याचं उत्तर या रोजंदारीत आहे. हे सोळा पहिल्या ओळीत घे.

मग ४५ च्या खालचे पण आजार असलेले. इथे तुला जपून चालावं लागेल. मार्चमध्ये सरकारने आजाराचा डॉक्टरी दाखला मागितला होता. ज्यांचा ठरलेला डॉक्टर आहे त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतला. ज्याला शुगर आहे हेच मुळात चक्कर येऊन पडल्यावर कळलं, तो दाखला कुठून आणणार? तू दाखला मागू नकोस, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेव. गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवली तरी पुष्कळ झालं. आणि हे ठेकेदाराच्या मुकादमासमोर विचारू नकोस. शुगर आहे म्हटलं की उद्यापासून येऊ नकोस म्हणतील, या भीतीने माणसं आजार लपवतात. टाइम ऑफिसचं दार लावून, एकेकाला, दोन मिनिटं. वहीत आजाराचं नाव लिहू नकोस, नुसती खूण कर आणि ती वही तुझ्याच कुलपात ठेव. असे दहा-बारा तरी निघतील असं माझा अनुभव सांगतो.

त्यानंतर ज्यांना घरी बसता येत नाही ते. तुझ्या ऑफिसचे ३१ जण एप्रिलच्या निर्बंधांपासून घरून काम करतात, तूच लिहिलंस. लोकल सामान्यांना बंद. लोडिंगवाले दिघ्याहून, तुर्भ्याहून बसला लटकत नाहीतर टेम्पोच्या हौद्यात बसून येतात. कॅन्टीनच्या दोघी शंभर जणांच्या ताटात वाढतात. गेटवरचा गार्ड दर ट्रकच्या ड्रायव्हरचा कागद हातात घेतो. तुमचा स्वतःचा ड्रायव्हर भिवंडीपासून एपीएमसीपर्यंत रोज चार गोदामं करतो. या ओळीत ऑपरेटरही येतात, मॅनेजरसाहेबांना सांग की त्यांची माणसं मी वगळली नाहीत, फक्त एका रांगेत उभी केलीत. ऑफिसमधल्या ज्यांना आजार आहे ते वरच्या ओळीत आधीच आले. उरलेले पुढच्या खेपेला. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे, त्यांच्याकडे दार लावून बसण्याची सोय आहे आणि ती या दिवसांत अर्ध्या लशीएवढी आहे.

या तिसऱ्या ओळीत डोस कमी आणि माणसं जास्त होतील. तिथे तू निवडायला जाऊ नकोस. स्टीलचा डबा घे, चिठ्ठ्या टाक, दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उघड. चिठ्ठी तू काढू नकोस, साहेबांनीही नको. कॅन्टीनच्या बाईंना काढू दे, आणि त्यांचं स्वतःचं नावही त्याच डब्यात असू दे. चिठ्ठ्या म्हणजे नशिबावर सोडणं, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. दोन माणसांत फरक करण्यासारखं काही उरलेलं नसताना फरक करायला गेलं की ओळखपाळख आत शिरते. साठ नावं पूर्ण झाली की थांबू नकोस, पुढची पंधराही काढ आणि क्रमाने लिहून ठेव. शनिवारी कोणाला ताप असेल, कोणी घाबरून येणार नाही. दहाच्या कुपीत दोन उरतील आणि चार तासांचं घड्याळ चालू असेल. त्या वेळी फोन काढायची पाळी आपल्यावर येऊ नये. माझी चूक तिथेच झाली होती. त्या पंधरा जणांना शनिवारी संध्याकाळपर्यंत आवारातच थांबायला सांग.

तुझं नाव. तू रोज कंपनीत येतेस, गेटजवळच्या टाइम ऑफिसात बसतेस, प्रत्येक माणूस तुझ्या खिडकीशी येतो. तू तिसऱ्या ओळीत आहेस. तुझी चिठ्ठी डब्यात टाक. मुद्दाम सगळ्यात शेवटी उभी राहू नकोस, त्याने तुझ्यावर बोट उठणार नाही पण नियम खोटा पडेल. नाव निघालं तर खुर्चीत बस आणि दंड पुढे कर.

साहेबांच्या घरचे नऊ आणि तुझी आई, हा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही एकच द्यावं लागेल. घरच्यांना घेता येतं हे खरं, केंद्राने नुकतंच तसं सांगितलंय. पण घरचे म्हणजे कोणाचे? मामांच्या खोलीतले सहा जणही घरचेच. साठ डोसांत सगळ्यांचे घरचे मावत नाहीत, म्हणून या खेपेला कोणाचेच नकोत. आईचं नाव तू वगळलंस की साहेबांपुढे जाऊन बोलायचं बळ तुला येईल. आईसाठी दुसरी वाट आहे. ती ५७ ची, सरकारी केंद्रावर तिचा हक्क आहे. दोनदा ती एकटी गेली आणि परत आली. या वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तू बरोबर जा. आदल्या रात्री पालिकेने कुठल्या केंद्रावर किती डोस जाहीर केलेत ते बघ, सकाळी सहाला रांगेत तू उभी राहा, साडेआठला तिला रिक्षाने बोलाव. बीपीची गोळी घेऊन, खाऊन येऊ दे. गर्दी दाट असेल तर तिला लांब सावलीत बसव. कळवा नाही जमलं तर कोपरीच्या केंद्रावर घेऊन ये, मी तुझ्यासोबत रांगेत उभी राहीन.

आता सगळ्यात अवघड. साहेबांशी बोलायचं. पैसे त्यांचे आहेत, नोकरी तुझी आहे, आणि पगारावर घर चालतं. म्हणून वाद घालायला जाऊ नकोस, काम घेऊन जा. नियमाचा कागद पुढे ठेव आणि म्हण, "साहेब, यादी नोटीस बोर्डावर लावायची आहे. खाली क्रम कसा लावला ते एका ओळीत लिहायचंय. हे लिहू का?" त्यांच्या कागदाचा क्रम एका ओळीत लिहून बोर्डावर लावता येत नाही, हे त्यांच्या लक्षात येईल. मग थांब, त्यांना विचार करू दे. घरच्या नऊ जणांसाठी हॉस्पिटलला थेट वेळ घेता येते हे सुचव. त्यांच्याकडे गाडी आहे, ओळख आहे, पैसे आहेत. लोडिंगवाल्याला शनिवार सोडला तर काहीच नाही. ठेकेदाराची माणसं आपली नव्हेत असं म्हणाले, तर सौम्यपणे आठवण कर की १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात प्यायचं पाणी आणि प्रथमोपचार या सोयी ठेकेदाराने दिल्या नाहीत तर मूळ मालकावरच येतात. लस त्यात लिहिलेली नाही, पण माणसं कोणाची या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

'लोडिंगवाले आजारी पडले तर माल अडकेल' हा मुद्दा ते स्वतः काढतील तर काढू दे. तू तो पुढे करू नकोस. एकदा तो वापरलास की पुढच्या साथीत ज्याच्यामुळे काही अडत नाही तो आपोआप मागे जातो.

आणि नाही ऐकलं तर? असं होऊ शकतं. राजीनामा फेकू नकोस. निदान ते सोळा आणि आजारी माणसं एवढं तरी मिळव, त्यासाठी अडून राहा. राखीव पंधरांची यादी तुझ्या नियमाने कर. ज्या ४५ च्या वरच्यांना इथे मिळणार नाही त्यांना कंपनीच्या टेम्पोने, भरपगारी, पालिकेच्या केंद्रावर पाठव. आणि जी यादी त्यांनी ठरवली तिच्यावर 'साहेबांच्या सूचनेनुसार' एवढं लिहून मेल कर. आपण न केलेली निवड आपल्या नावावर ठेवायची नाही.

लोडिंगचे काही जण लस नको म्हणतात असं तू लिहिलंस. त्यांची नावं लगेच कापू नकोस. कोणाला मरणाची भीती असते, पण बहुतेकांना तापाची असते. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, आणि रोजंदारीवाल्याला दोन दिवस म्हणजे दोन खाडे. रविवार सुट्टीचा आहेच, सोमवारचा पगार देऊ असं साहेबांकडून लिहून घे. त्यानंतर पुन्हा विचार, बघ किती हात वर होतात. नोंदणीसाठी मोबाइल नसेल तर एका नंबरवर चौघांची नोंद होते, तुझ्या नंबरवर चौघांना घे. पण कोणाचा ओटीपी कोणाकडे आहे ते वहीत लिही.

ती वही जपून ठेव, ती लागणार आहे. ५ जूनला टोचलं तर दुसरा डोस २८ ऑगस्ट ते २५ सप्टेंबरच्या मध्ये येतो. १० सप्टेंबरला गणपती आहेत, अर्धी कोकणातली माणसं गावाला असतील. त्याआधीच ठेकेदाराचं कंत्राट बदललं तर आज लस घेतलेला माणूस तेव्हा तुमच्या मस्टरवर नसेल, महापे नाहीतर तळोज्याला दुसऱ्या गेटवर उभा असेल. म्हणून शनिवारी प्रत्येकाचा स्वतःचा एक आणि गावाकडचा एक असे दोन नंबर घे, आणि साहेबांकडून आत्ताच कबूल करून घे की ज्याला पहिला डोस इथे मिळाला त्याला दुसराही इथेच मिळेल, मग तो तेव्हा कोणाकडेही कामाला असो. मामांचा नंबर सगळ्यात वर लिही. त्यांच्याकडे फोन नसेल तर खोलीतल्या एखाद्याचा घे, आणि तो नंबर लागतो का ते तिथेच उभ्या उभ्या लावून बघ.